आठ भावांचं नाणं

धाकट्याने बॅग खाली ठेवायच्या आत थोरल्याने त्याच्या दंडाला धरलं आणि त्याला सरळ मधल्या खोलीत नेलं.

"चहा मग. आधी हे बघ."

थोरल्याच्या आवाजात इतका उत्साह गेल्या कित्येक वर्षांत कुणी ऐकला नव्हता. काही वर्षांपूर्वी जिन्यावर झालेल्या एका भांडणापासून दोघे भाऊ एकमेकांशी कामापुरतंच बोलत होते, तेही बहुतेक वेळा ताईच्या मार्फत. त्यामुळे धाकटा आधी जरा बावरला, मग त्याला बरंच वाटलं. बाबा आज हॉस्पिटलातून घरी येणार होते. बरे होऊन नव्हे. तिथे आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून. अशा दिवशी घरात कुणीतरी हसऱ्या चेहऱ्याने भेटलं, हेच पुष्कळ होतं.

मधल्या खोलीत बाबांचं कपाट होतं. छातीपर्यंत उंच, बारा उथळ खणांचं. प्रत्येक खणात हिरव्या लोकरी कापडाची बनात, बनातीत गोल खाचा, प्रत्येक खाचेत एक नाणं आणि नाण्याखाली बाबांच्या बारीक अक्षरातली कागदाची चकती. जुन्या जर्मनीतल्या चिमुकल्या संस्थानांची चांदीची नाणी होती ती. एकशे सदतीस. काही संस्थानं इतकी लहान की राजा सकाळी घोड्यावर बसला तर जेवायच्या वेळेला दुसऱ्याच्या राज्यात पोचायचा, असं बाबा म्हणत. पण प्रत्येकाला आपली टांकसाळ हवी, आपलं तोंड नाण्यावर हवं. बापाने राज्य केलं की मुलांनी त्याचे तुकडे करायचे, तुकड्यांचे पुन्हा तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याचं नाणं वेगळं. बाबांना त्याचं भारी हसू यायचं. स्वतःच्या घरात तेच चाललं आहे, हे मात्र त्यांना कधी दिसलं नाही.

थोरल्याने सगळ्यात वरचा खण ओढला.

खिडकीतलं ऊन खणात पडलं आणि तिथून उसळून छतावर गेलं. छतभर गोल गोल कवडसे नाचायला लागले. आई ओले हात पुसत दारात येऊन उभी राहिली होती. तीही वर बघून हसली.

"ही कुठून आणलीस?" धाकट्याने विचारलं.

"आणलीस काय? आपलीच आहेत की. बाबांचीच."

धाकटा खाली वाकला. लहानपणी शिकवल्याप्रमाणे त्याने एक नाणं फक्त कडेने, दोन बोटांत धरून उचललं. ते आठ भावांचं नाणं होतं. चारशे वर्षांपूर्वी वाइमारला आठ भावांनी मिळून राज्य केलं आणि नाण्याच्या एका बाजूला चौघांचे आणि दुसऱ्या बाजूला चौघांचे मुखवटे पाडले, त्यातलं. बाबांचा या नाण्यावर सगळ्यात जास्त जीव. धाकट्याला प्रत्येक भाऊ तोंडपाठ होता: कुणाची कॉलर चुण्यांची, कुणाच्या ओठावर नुकती मिसरूड, कुणाचं नाक आजोबांसारखं. आता चौघांनाही नाक नव्हतं. केस नव्हते. चार गुळगुळीत डोकी समोरासमोर उभी होती आणि लख्ख चमकत होती.

"कशाने केलंस हे?"

"आधी तेजाब, पातळ करून. पण काळं काही केल्या निघेना रे. किती वर्षांचा मळ तो! मग मशीनवर बफ मारला. मऊ, लोकरीचा. वर लाल पॉलिश. शेवटी भुशात घोळवून कोरडी केली. पंधरा दिवस, रोज रात्री, कारखाना सुटल्यावर. कामगारांपैकी एकालाही हात लावू दिला नाही." थोरला दुसरा खण ओढत होता. "बाबा आज बघतील ना, तेव्हा—"

"दादा, थांब."

"सगळे खण बघ तरी."

"दादा, तो मळ नव्हता."

थोरला हसत होता. ते हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, कारण ते काढून घ्यायला त्याला अजून काही कारण कळलं नव्हतं.

धाकट्याने सांगितलं. त्याला हळू सांगायचं होतं, पण ते भराभरच बाहेर आलं. चांदी वर्षानुवर्षं हवेत राहिली की तिच्यावर ती काळसर, कडेला निळीजांभळी झाक चढते. तीच नाण्याचं वय असते. तिला कुणी हात लावत नाही, पुसत नाही, फुंकर मारतानासुद्धा विचार करतात. ती गेली की नाणं गेलं. आणि बफने तर झाकेखालचा छापही खाल्ला. आता ही नाणी नाहीत. चांदीच्या चकत्या आहेत.

"एकशे सदतीसच्या एकशे सदतीस?" त्याने विचारलं. खरं तर त्याला उत्तर दिसत होतं.

थोरल्याने खण हळूच आत ढकलला. छतावरचे कवडसे गेले.

"मला कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला.

हे अक्षरशः खरं होतं.

*

या घरात दोन घराणी राहत होती आणि त्यांचं एकमेकांशी कधी जमलं नाही. आईचं माहेर चांदीला पॉलिश करणाऱ्यांचं. तीन पिढ्यांचा कारखाना, दारात शिरलं की तेजाबाचा वास आणि बफच्या चाकांची घरघर. तिकडे काळी पडलेली चांदी म्हणजे न धुतलेलं तोंड. कुणी ताट, फुलदाणी, बक्कल, काहीही घेऊन आलं की आधी त्याला उजळवायचं, मग बोलायचं. बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक. दुकानदारांची मापं तपासणं हे काम, आणि घरातल्या माणसांचीही तपासत असत. त्यांचं पहिलं नाणंही धाडीतच सापडलं होतं. एक औषधवाला तराजूत वजन म्हणून जुनं चांदीचं नाणं टाकायचा. बाबांनी त्याच्यावर खटला भरला, निकाल लागेपर्यंत ते नाणं रोज टेबलावर ठेवून बघितलं, आणि खटला संपल्यावर त्याच माणसाकडून विकत घेतलं.

ते रॉइस नावाच्या संस्थानाचं होतं. त्या घराण्यात सगळ्या पुरुषांचं नाव हाइनरिश. सगळ्यांचं. फक्त नंबर वेगळा: अकरावा, बाविसावा, बेचाळिसावा. बाबांना हे इतकं आवडलं की त्यांनी स्वतःच्या मुलांनाही नंबरांनीच हाका मारायला सुरुवात केली. पहिला, दुसरी, तिसरा. शेजारपाजारच्यांना गंमत वाटायची. पहिल्याला ती कधीच वाटली नाही.

कारण पहिल्या नंबराला अर्थ काय होता? तो सोळाव्या वर्षी शाळा सोडून आजोळच्या कारखान्यात गेला, कारण मामाला मूल नव्हतं आणि आईने तसा शब्द दिला होता. रविवारी सकाळी बाबा कपाट उघडायचे. ताईला कंटाळा यायचा, ती पळून जायची. धाकटा मांडीवर बसायचा. थोरला दारात उभा राहायचा. एकदाच तो आत आला होता आणि बाबांनी वर न बघता म्हटलं होतं, "हात बघ आधी तुझे." लाल पॉलिश त्याच्या नखांत, बोटांच्या पेरांत बसलेलं. घासून जात नसे ते. तेव्हापासून तो दारातच उभा राहिला.

आता त्याचं वय पन्नासच्या पुढे होतं. बाबांच्या उशाशी तो एक्केचाळीस दिवस बसला होता. सकाळी कारखाना, दुपारपासून हॉस्पिटल. धाकटा दूरच्या गावी नकाशांच्या कचेरीत, त्याला रजा मिळत नव्हती. ताई त्याच हॉस्पिटलात नर्स, पण तिला इतर वॉर्डही होते. बाबा कधी फारसे बोलले नाहीत. पण एके दुपारी पाण्याचा पेला घेताना त्यांनी थोरल्याचं मनगट धरून ठेवलं होतं. सोडलंच नाही बराच वेळ. त्याच संध्याकाळी त्याने आईकडे किल्ली मागितली.

"किल्ली मी दिली," आई आता म्हणाली. "त्याला काही बोलू नकोस. चाळीस वर्षं ते काळंकुट्ट ध्यान माझ्या घरात आहे. माझी माणसं यायची, नाक मुरडायची. पॉलिशवाल्याची लेक आणि घरात चांदी बघा कशी! म्हटलं, ते येतायत, त्यांच्या डोळ्यांपुढे एकदा तरी चकचकीत दिसू दे."

"आई, तुला माहीत नव्हतं?"

"मला कोण सांगणार होतं? मला त्या खोलीत फक्त केर काढायला जाता यायचं."

थोरला खिडकीशी उभा होता. अचानक तो वळला. "परत काळी करता येतील. गंधकाच्या पाण्यात घातली की दहा मिनिटांत काळी होतात. आम्ही रोज करतो, गिऱ्हाइकं मागतात. कुणाला ओळखू येणार नाही."

"आणि नाकं?" धाकटा म्हणाला. "नाकं कुठून आणशील दादा?"

धाकट्याला स्वतःचीच लाज वाटली, पण शब्द तोंडातून गेला होता.

"त्यांना एवढं बारीक दिसतं कुठे?" आई म्हणाली. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सांगायचं, सगळं जागच्या जागी आहे. संपलं."

"किल्ली सापडत नाही म्हणू," धाकटा म्हणाला. "चार दिवस काढू कसेतरी."

"चार दिवस!" आई त्याच्यावर उसळली. "बापाचे दिवस मोजायला आलास का तू? एक्केचाळीस दिवस कुठे होतास? आला नाहीस तोवर घर धड होतं."

"आई, त्याची काय चूक?" थोरला म्हणाला. "मी सांगेन बाबांना. मी केलं, मीच सांगेन."

"काय सांगशील?" धाकटा त्याच्याजवळ गेला. आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही आयुष्यभर जमवलेलं मी पंधरा दिवसांत घासून टाकलं? त्यांच्या छातीत आता किती जोर उरलाय, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तू त्यांना हे सांगितलंस तर ते याच विचारात मरतील, दादा. दुसरा विचारच उरणार नाही त्यांच्याजवळ."

थोरल्याने मान डोलावली. तेवढ्यात फोन वाजला. ताईचा होता.

"निघालोय आम्ही. पुढच्या खोलीतला पलंग खिडकीकडे सरकवा. आणि ऐक, कपाटही तिथेच आणून ठेवा. त्यांनी आत्तापर्यंत तीनदा विचारलंय. तराजूही काढून ठेवा म्हणतायत."

*

ताईने आजवर पुष्कळ माणसं घरी पाठवली होती. घरी पोचल्यावर माणूस तासाभरासाठी एकदम ताजातवाना होतो आणि घरच्यांना खोटी आशा वाटते, हे ती नातेवाइकांना आधीच सांगून ठेवायची. आज सांगायला तिला कुणी नव्हतं, म्हणून ती स्वतःलाच सांगत राहिली.

बाबा उशांना टेकून बसले होते. चेहऱ्याची हाडं तेवढी उरली होती, पण आवाजात पूर्वीचा निरीक्षक जागा झाला होता. कपाट पलंगाशेजारी, स्टुलावर काचेच्या पेटीतला लहान तराजू. आई पायथ्याशी. दोघे भाऊ भिंतीला टेकून शेजारी शेजारी उभे. हे ताईला विचित्र वाटलं. ते दोघे शेजारी कधीच उभे राहत नसत. दोघांचे चेहरेही तिला चांगले दिसले नाहीत. पण घरात मरण आलं की चेहरे असेच होतात, म्हणून तिने विचारलं नाही.

"सगळे आहेत?" बाबांनी विचारलं.

"आहेत."

"मग बोलतो. कपाट पहिल्याला द्यायचं."

ताईने थोरल्याकडे पाहिलं. त्याने हात पाठीमागे नेले होते, लहानपणी नेत असे तसे.

"तिसऱ्याला राग येईल," बाबा म्हणाले. "येऊ दे. तिसऱ्या, तुला नाणी कळतात. कळणारा माणूस कधी ना कधी विकतो, बदलाबदली करतो, मी केलीय. याला कळत नाहीत. पण हा सांभाळतो. मला सांभाळलं त्याने. माझा घाणेरडा शर्ट बदलताना याने एकदाही तोंड वाकडं केलं नाही, मला कळतं ते. मी याला कधी शिकवलं नाही, ती माझी चूक. आता शिकवतो. रोज एक नाणं. आजपासून."

एकशे सदतीस दिवस, ताईच्या मनात आलं, आणि तिने ते मनातच दाबून टाकलं.

"एवढे दिवस नाहीत माझ्याजवळ, ते ठाऊक आहे मला," बाबा जणू तिचं ऐकून म्हणाले. "होतील तेवढी करू. पहिल्या, ये. आठ भाऊ काढ. वरचा खण, डावीकडून तिसरी खाच."

थोरला पुढे आला. त्याने खण उघडला तेव्हा ताईला झळाळी दिसली. तिला नाण्यांतलं काही कळत नव्हतं, पण ही नाणी काळी असायची एवढं तिला कळत होतं. तिने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने मान किंचित हलवली: गप्प बस.

बाबांनी नाणं तळहातावर घेतलं. डोळ्यांजवळ नेलं नाही. अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग उलटं करून पुन्हा.

"दुसरी, तू तराजू घे."

त्यांचे हात थरथरत होते, म्हणून वजनं ताईने ठेवायची असं ठरलं. चिमट्याने एकेक. वीस. पाच. दोन. एक. मग पातळ पत्र्याचं एक लहान वजन. चकतीवर बाबांनीच लिहिलेलं वजन होतं, अठ्ठावीस पूर्णांक आठ ग्रॅम. काटा त्याच्या बराच आधी मध्यावर येऊन थांबला. पारड्यात अठ्ठावीस आणि वर एक दशांश, बस.

"किती?"

ताईने श्वास घेतला. रोग्यांशी बोलायचा तिचा आवाज होता, तो तिने काढला. "बरोबर आहे बाबा. अठ्ठावीस आठ."

"तू नर्स चांगली असशील," बाबा म्हणाले. "पण निरीक्षकाशी खोटं बोलू नकोस. वजनं मोजत होतो मी. शेवटचं एकच लहान ठेवलंस. आवाज आला."

तिने वजनं चिमट्याने उचलून घेतली.

"दुसरं काढ. रॉइसचं. तिसऱ्या खणातलं."

तेही कमी भरलं. मग वाल्डेक संस्थानाचं. तेही. बाबांनी तिन्ही नाणी पांघरुणावर ओळीने ठेवली आणि बराच वेळ त्यांच्यावर हात ठेवून बसले. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. आई काहीतरी बोलायला उठली आणि पुन्हा बसली.

"ओतीव," बाबा म्हणाले.

"काय?" थोरल्याने विचारलं.

"ओतीव आहेत. नकली. खऱ्या नाण्यावरून साचा घेतात आणि त्यात चांदी ओततात. वजन कमी भरतं, छाप बसका येतो, नाकंडोळे उमटत नाहीत. वर चकाकी. मी अशी शंभर पकडलीत." ते अगदी शांतपणे बोलत होते, कचेरीत अहवाल सांगावा तसे. "नाणी बदललीत कुणीतरी."

आणि मग त्यांचा तो पांढुरका डोळा भिंतीकडे वळला.

"तिसऱ्या."

धाकटा भिंतीपासून सरळ झाला.

"घेणारी माणसं तुलाच ठाऊक. साचे कोण करतं तेही तुलाच ठाऊक असणार. कपाट पहिल्याला जाणार हे तुला आधीच कळलं होतं काय? तुला मांडीवर बसवून शिकवलं मी."

"बाबा, मी नाही..." धाकटा म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. सत्य त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं. त्याने थोरल्याकडे पाहिलं, माफी मागितल्यासारखं. त्याला सांगावंच लागणार होतं. चोर म्हणून बापाच्या मरणाला उभं राहणं त्याच्याच्याने होणार नव्हतं, आणि ते त्याने का करावं?

*

थोरल्याला त्या क्षणी काय वाटलं, हे त्याने पुढे कुणाला नीट सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

तो पलंगाशी उभा होता. बाबांच्या हाताखाली ती तीन नाणी. आत्ता, थोड्याच वेळापूर्वी, त्याला आयुष्यात पहिल्यांदा आत बोलावलं होतं. "ये," म्हणाले होते बाबा. हात बघ म्हणाले नव्हते. आणि त्याला दिसलं, बाबा चुकलेत. चाळीस वर्षांत एकदाही वजनात न चुकलेला माणूस चुकला होता, कारण आपल्या घरात कुणी नाणी घासेल हे त्यांच्या डोक्यात येऊच शकत नव्हतं. चोरी येत होती डोक्यात. चोरी सहन होण्यासारखी होती. चोरीला गेलेली वस्तू कुठेतरी असते.

"त्याने नाही," थोरला म्हणाला. "मी."

आई उभी राहिली. "अरे—"

"आई, तू बस." त्याने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती बसली. मग तो बाबांकडे वळला. "मी विकली, बाबा. तुम्ही हॉस्पिटलात होतात तेव्हा. कारखान्यातच साचे केले. आम्हाला जमतं ते."

"सगळी?"

"सगळी."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. त्यांना त्याच्या चेहऱ्याचा फक्त धुरकट डाग दिसत असणार. ताई तराजूची काच धरून उभी होती. धाकटा भिंतीपासून एक पाऊल पुढे आला. थोरल्याने न वळता, पाठीमागे असलेल्या हाताचा पंजा त्याला दाखवला. थांब. धाकटा थांबला. आणि आपण थांबलो, याबद्दल त्याने स्वतःला नंतर कधी माफ केलं नाही.

"एक्केचाळीस दिवस," बाबा म्हणाले. "म्हणून बसत होतास होय?"

थोरल्याने पांघरुणावरच्या तीन नाण्यांकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला.

आईच्या तोंडातून आवाज निघाला. तिने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. नवऱ्याला सगळं सांगायला तिला एकच वाक्य पुरलं असतं. ते वाक्य तिने गिळलं, आणि ते पुढे सात वर्षं तिच्या घशात राहिलं.

बाबा उशीवर मागे रेलले. ताई पुढे झाली, नाडी बघायला, पण त्यांनी तिचा हात झटकला. ते विचार करत होते.

"कुणाला दिलीस?"

"आहे एक गृहस्थ. लांबचा."

"व्यापारी?"

"नाही. जमवणारा. तुमच्यासारखाच."

"कपाट आहे त्याच्याकडे? का डब्यात टाकतो?"

"कपाट आहे. तुमच्यापेक्षा मोठं." थोरला आयुष्यात इतकं खोटं सलग कधी बोलला नव्हता. त्याला वाटत होतं, पुढचा शब्द सुचणार नाही. पण सुचत होता. "बनात लावलेली आहे. कोरडी खोली. खिडक्या बंद असतात."

"सगळी एकत्र ठेवलीत त्याने? का फोडली?"

"एकत्र. मी अटच घातली तशी. फोडायची नाहीत म्हणून."

बाबांनी मान डोलावली. चेहरा थोडा सैल झाला. मग पुन्हा घट्ट झाला, आणि ते कोपरावर भार देऊन उठायला लागले. ताईने त्यांना धरलं. जो प्रश्न त्यांना विचारायचा होता, तो मोतीबिंदूच्या पलीकडून थेट थोरल्यावर रोखून त्यांनी विचारला.

"तो धूत नाही ना रे ती?"

"नाही बाबा," थोरला म्हणाला. "हातसुद्धा लावू देत नाही कुणाला."

"काळी आहेत अजून?"

"होती तशीच आहेत."

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले आणि पुन्हा टेकले. इतके हलके होऊन टेकले की ताईला वाटलं, संपलं. पण श्वास चालू होता. नीट, एका लयीत, गेल्या महिन्याभरात लागला नव्हता तसा. डोळे मिटूनच ते म्हणाले, "याला बाहेर काढा. मी असेपर्यंत या खोलीत येऊ द्यायचा नाही. नंतरही माझ्या अंगाला हात लावायचा नाही त्याने."

"बाबा—" धाकटा म्हणाला.

"तू ये तिसऱ्या. बस इथे."

थोरल्याने पांघरुणावरची तीन नाणी उचलून खाचांत ठेवली, खण लावला आणि तो बाहेर गेला.

त्यानंतर बाबा नऊ दिवस जगले. त्यांना शांत झोप लागायची. रोज दुपारी ते धाकट्याला कुठल्या तरी नाण्याबद्दल सांगत, न बघता, आठवणीतून. ते आता त्या लांबच्या गृहस्थाच्या कपाटात कसं दिसत असेल तेही सांगत. थोरला रोज येत होता. औषधं, स्वच्छ चादरी, लागेल ते आणून उंबऱ्याशी ठेवायचा आणि दाराबाहेर, जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसायचा. तिथून आतलं बोलणं ऐकू यायचं. दहाव्या दिवशी सकाळी ताईने दार उघडून त्याला सांगितलं. अंघोळ घालायला आणि उचलायला माणसं कमी पडत होती. तो उठला, दारापर्यंत आला, आणि मदतीला आलेल्या एका शेजाऱ्याला म्हणाला, "तुम्ही जरा हात लावता का?"